‘नुसतं एलईडी दिवे लिहा, जाईल’ : बॅटरीचा माल विमानाने पाठवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भोसरीत तुमचा सौर कंदिलांचा छोटा कारखाना आहे. नैरोबीच्या गिऱ्हाइकाला चाळीस कंदील आणि चाळीस सुट्या बॅटऱ्या पाठवायच्यात. मागे दोन कंदील नमुना म्हणून कुरियरने गेले, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. या वेळी माल सहारहून, म्हणजे मुंबई विमानतळावरून परत आला. एजंट म्हणतो, “बॅटरीचं नावच काढू नका, नुसतं एलईडी दिवे लिहा, जाईल.” मेव्हणे पुढच्या महिन्यात तिकडे जाणारच आहेत, तर सुट्या बॅटऱ्या त्यांच्या बॅगेतून गेल्या तर चालेल का, असंही विचारलंय. आणि शेवटी, “एवढ्याशा बॅटरीचा एवढा बाऊ कशाला?”

मी बावीस वर्षं सहारच्या कार्गो शेडमध्ये काढली. त्यातली बरीचशी डीजीच्या, म्हणजे धोकादायक मालाच्या ॲक्सेप्टन्स (माल तपासून स्वीकारायच्या) काउंटरवर गेली. आता लहान निर्यातदारांचे कागद आणि पॅकिंग बघून देतो. आधी तीन छोटी उत्तरं. एजंटचं ऐकू नका. बॅगेतून पाठवू नका. आणि बाऊ उगाच केलेला नाही, पण तुम्हाला वाटतो तेवढा तो तुमच्या आड येत नाही. हाच माल नीट मांडला तर प्रवासी विमानातून, फारशा कागदांशिवाय जाऊ शकतो.

तुम्ही विचारताय, ‘कागदावर काय लिहू?’ खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. तुम्ही ज्याला एक खेप म्हणताय ती नियमांच्या नजरेत तीन वेगवेगळ्या वस्तूंची खेप आहे. बॅटरी आत बसवलेला कंदील ही एक. सुटी बॅटरी ही दुसरी. आणि तुम्ही टाकलेल्या पॅकिंग लिस्टच्या फोटोत अगदी तळाशी ‘ॲक्सेसरीज, ६ नग’ अशी जी ओळ आहे, ती तिसरी. ते सहा नग म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरचे स्प्रे आहेत असं तुम्हीच पुढे लिहिलंय. त्याबद्दल नंतर बोलू, कारण माझ्या मते तुमच्या खेपेतली सगळ्यात वाईट वस्तू तीच आहे.

मागचे दोन नमुने कसे गेले ते आधी सांगतो, नाहीतर मनात राहील की नियम लहरी आहेत. लहान बॅटरी उपकरणाच्या आत बसवलेली असेल, एका खोक्यात अशा दोनपेक्षा जास्त बॅटऱ्या नसतील आणि खेपेत दोनपेक्षा जास्त खोकी नसतील, तर खोक्यावर बॅटरीची खूण लावायचीही गरज नाही, अशी सूट नियमातच आहे. तुमचे दोन कंदील त्या सवलतीत बसले. कुणी डोळेझाक केली नव्हती. चाळीस कंदील त्या सवलतीत बसत नाहीत. आणि सुटी बॅटरी एक असो की चाळीस, तिला ही सूट कधीच नसते.

आता बाऊ कशाचा ते बघू. लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. तो कुठे फाटला, टोचला किंवा वितळला की आतल्या आत शॉर्ट होतं आणि सेल तापायला लागतो. ठरावीक तापमानापुढे गेला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडतात, ती उष्णता त्या क्रियांना आणखी वेग देते, आणि मग बाहेरून कुणी काही करेपर्यंत थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. आतलं द्रव ज्वलनशील असतं. काही प्रकारच्या सेलमधला धन पट्टीचा ऑक्साइड तापल्यावर स्वतः ऑक्सिजन सोडतो. एक सेल फुटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. दाटीवाटीने भरलेल्या खोक्यात ही माळ फटाक्यांच्या लडीसारखी पुढे सरकते.

प्रवासी विमानाच्या पोटातल्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. ज्वाळा विझली तरी आतली उष्णता शेजारच्या सेलकडे जातच राहते. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून न्यायला बंदी आहे. त्या फक्त मालवाहू विमानातून जातात, तेही क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसेल तरच.

एक प्रसंग सांगतो. रात्रपाळी होती, अडीच-तीनची वेळ. एका रॅकजवळून जाताना खालच्या थराच्या कार्टनच्या फटीतून उजेड दिसला. टेपच्या कडेने पिवळसर रेघ. आधी वाटलं पलीकडचा दिवा असेल. हात लावला तर पुठ्ठा कोमट. उघडलं तर आत हातात धरायचे मोठे टॉर्च, एकावर एक घट्ट भरलेले. वरच्याच्या वजनाने खालच्याचं बटण दाबलं गेलेलं. टॉर्चची काच शेजारच्या टॉर्चच्या बबल रॅपला चिकटलेली, आणि ते प्लास्टिक मऊ होऊन काचेवर कातड्यासारखं बसलेलं. आग लागली नव्हती. पण ते कार्टन चार तासांनी विमानात चढणार होतं. ते सकाळच्या माणसाने माझ्याकडे दिलं नव्हतं, मीच संध्याकाळी स्वीकारलं होतं. लेबल बरोबर होतं, कागद बरोबर होते. बटणाला काय अडवलंय हे मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून काउंटरवर बटण असलेली कुठलीही वस्तू आली की माझा पहिला प्रश्न तोच.

तुमच्या कंदिलाला वर दाबायचं बटण आहे, फोटोत दिसतंय. त्याच्यावर पुठ्ठ्याची कडी बसवा, किंवा बॅटरी आणि सर्किटच्या मध्ये ओढून काढायची प्लास्टिकची पट्टी घाला, खेळण्यांत असते तशी. पट्टी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची.

आता एजंटबद्दल. या धंद्यातले बहुतेक एजंट प्रामाणिक आहेत, आणि हा सल्ला देणारेही दुष्ट नसतात. त्यांना माल हलवायचा असतो. पण कागदावरचं वर्णन कोण वाचतं याचा विचार करा. लोडर ते वाचून खोकं कुठे ठेवायचं ठरवतो. ॲक्सेप्टन्सवाला ते वाचून तपासणी किती खोल करायची ठरवतो. जाहीर केलेल्या डीजी मालाची यादी उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात जाते, तिला आम्ही नोटॉक म्हणतो. वर धूर निघाला तर कुठल्या कप्प्यात काय आहे हे त्याला त्या कागदावरूनच कळतं. सहारला एक्स-रेवर बसलेला माणूस १८६५० सेल, म्हणजे तुमच्या बॅटरीत आहेत तसले दंडगोल सेल, पडद्यावरच्या काळ्या रांगेवरून लांबूनही ओळखतो. तुमचा माल बहुधा असाच परत आला असेल. समजा नजरेतून सुटला आणि गेला, तर तो अशा विमानात बसेल जिथे त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही.

याचे दाखले जुने आहेत आणि आमच्या प्रशिक्षणात दरवेळी येतात. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये पॅन ॲमचं एक मालवाहू ७०७ बॉस्टनला उतरता उतरता कोसळलं, तिघेही कर्मचारी गेले. आत नायट्रिक ॲसिडच्या काचेच्या बाटल्या लाकडी खोक्यांत होत्या आणि बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता. ॲसिड गळलं की भुसा पेटतो. आपल्याकडेही ‘नीट पॅक केलंय’ म्हणजे भुसा नाहीतर जुनी वर्तमानपत्रं, म्हणून हे उदाहरण मी भोसरीपासून इचलकरंजीपर्यंत सगळीकडे सांगतो. बाटलीभोवतीचं सामान आतल्या रसायनाशी भांडणार नाही ना, हे बघणं पॅकिंगमध्येच येतं.

११ मे १९९६ ला मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेटचं डीसी-९ एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. विमानाच्या पोटात मुदत संपलेल्या रासायनिक ऑक्सिजन जनरेटरची पाच खोकी होती. जनरेटरच्या तोंडावर बसवायची सुरक्षेची टोपणं नव्हती, आणि कागदावर ती रिकामी डबडी असल्याचं लिहिलं होतं. रिकामी नव्हती. ते लिहिणाऱ्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. त्याने हातातल्या वस्तूचं नाव चुकीचं लिहिलं, एवढंच.

आणि ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएस या कुरियर कंपनीचं मालवाहू ७४७. आगीचा पहिला इशारा मिळाल्यापासून विमान कोसळेपर्यंत अर्धा तासही गेला नाही, दोन्ही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. कागदोपत्री मात्र त्या विमानात धोकादायक म्हणून जाहीर केलेलं काहीच नव्हतं. तपासात दिसलं की निदान तीन खेपा तरी क्लास नाइनमध्ये, म्हणजे धोकादायक मालाच्या ज्या वर्गात लिथियम बॅटऱ्या येतात त्यात, जाहीर व्हायला हव्या होत्या.

तुमच्या बॅटरीचं गणित करू. तुम्ही लिहिलंय की तीन १८६५० सेल समांतर जोडलेत, प्रत्येकी २.६ अँपिअर-अवर, ३.७ व्होल्ट. दोन्ही गुणले की एक सेल ९.६ वॉट-अवर आणि पूर्ण बॅटरी २८.९ वॉट-अवर. ‘लहान’ची मर्यादा सेलला २० आणि बॅटरीला १०० वॉट-अवर आहे. तुम्ही दोन्हींच्या आत आहात, आणि तुमच्या खेपेचं सगळं नशीब या एका वाक्यात आहे. उद्या मोठा कंदील काढलात आणि बॅटरी १०० च्या वर गेली, तर खालचं बरंचसं लागू होणार नाही. यूएनचा ठसा असलेलं पॅकिंग लागेल, पूर्ण घोषणापत्र लागेल, हा वेगळा धडा आहे.

धोकादायक मालाच्या प्रत्येक वस्तूला एक यूएन क्रमांक असतो आणि ती कशी भरायची याचा एक नियम, पॅकिंग इन्स्ट्रक्शन. बॅटरी आत बसवलेल्या कंदिलाचा क्रमांक यूएन ३४८१, पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६७. सुट्या बॅटरीचा यूएन ३४८०, पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६५. आकड्यांत फरक एकाचाच आहे, वागणुकीत फार मोठा. ३४८० म्हटलं की फक्त मालवाहू विमान, शिपरचं लाल-पट्टीचं घोषणापत्र, क्लास नाइनचं बॅटरी लेबल, ‘फक्त मालवाहू विमान’ हे नारिंगी लेबल, प्रशिक्षित माणसाची सही, आणि तुमच्या आकाराच्या बॅटऱ्यांना एका खोक्यात निव्वळ १० किलोची मर्यादा. तुमच्या चाळीस बॅटऱ्यांचं वजन साधारण ६ किलो, म्हणजे मर्यादेत आहात. पण मुंबई-नैरोबीला थेट प्रवासी विमान आहे आणि मालवाहू विमान रोज मिळत नाही. ६ किलोच्या डब्यासाठी आखाती देशातून फिरून जावं लागेल. शिवाय बऱ्याच एअरलाइन्स ३४८० घेतच नाहीत.

पण मधली एक वाट आहे. बॅटरी ज्या उपकरणाची आहे त्याच उपकरणाबरोबर एकाच खोक्यात ठेवली, तर ती ३४८० राहत नाही. ती ‘उपकरणासोबत पॅक केलेली’ ठरते. क्रमांक पुन्हा यूएन ३४८१, पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६६, आणि प्रवासी विमान चालतं. अट अशी की उपकरण चालायला जेवढ्या लागतात तेवढ्या, अधिक जास्तीत जास्त दोन सुटे संच, यापेक्षा जास्त बॅटऱ्या एका खोक्यात नकोत. तुम्हाला दर कंदिलामागे एकच सुटी हवीय. बसतंय.

मग सुट्या बॅटऱ्यांचं वेगळं खोकं मोडा. चार कार्टन करा, प्रत्येकात दहा कंदील आणि दहा सुट्या बॅटऱ्या. एका कार्टनमध्ये वीस बॅटऱ्या, १५० ग्रॅमने ३ किलो. या प्रकारात एका खोक्यात बॅटऱ्यांचं निव्वळ वजन ५ किलोपर्यंत चालतं. हे वजन बॅटऱ्यांचं, कंदिलाचं धरू नका, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. चारही कार्टनवर बॅटरीची खूण लावा. लाल तुटक चौकट, आत पेटलेली बॅटरी आणि खाली यूएन ३४८१. आकार १०० बाय १०० मिलिमीटर, जागा खरंच नसेल तर १०० बाय ७०. खूण एकाच बाजूवर मावली पाहिजे, कडेवर दुमडलेली खूण आम्ही परत पाठवतो. शिपरचं घोषणापत्र लागत नाही. एअरवे बिलावर, म्हणजे मालाच्या हवाई पावतीवर, ठरलेली एक ओळ पुरते, की लिथियम-आयन बॅटऱ्या अमुक पॅकिंग इन्स्ट्रक्शनच्या सेक्शन टूप्रमाणे (लहान बॅटऱ्यांसाठीचा भाग) आहेत. ती ओळ एजंट टाईप करेल, पण वर्णन खरं असल्याची जबाबदारी तुमची राहते. म्हणून ड्राफ्ट मागवून स्वतः वाचा.

आता २०२६ पासून आलेली नवी गोष्ट. १ जानेवारीपासून उपकरणासोबत पॅक केलेल्या, २.७ वॉट-अवरपेक्षा मोठ्या बॅटऱ्यांनाही ३० टक्के चार्जची मर्यादा सक्तीची झाली आहे. तुमच्या सुट्या बॅटऱ्या यात येतात. कंदिलाच्या आत बसवलेल्यांना ती सध्या शिफारस आहे. तरी मी सांगेन की दोन्ही सारख्याच ठेवा. एकाच टेबलावर दोन प्रकारच्या बॅटऱ्या फिरल्या की कधीतरी अदलाबदल होणारच.

हे करायचं कसं? नुसतं मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघणं पुरेसं नाही, मधल्या पट्ट्यात व्होल्टेज हळूहळू बदलतं आणि अंदाज चुकतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग मोजून रिकामी करा. तुमची क्षमता ७.८ अँपिअर-अवर, तिचे ३० टक्के म्हणजे २.३४. म्हणजे पूर्ण चार्जमधून ५.४६ बाहेर काढायचे. एक अँपिअरने साडेपाच तास. मी असतो तर साडेपाचऐवजी पावणेसहा तास लावले असते, मोजमापात थोडं मागेपुढे झालं तरी मर्यादेच्या आत राहता येतं. साध्या वहीत बॅटरीचा नंबर, तारीख, काढलेले अँपिअर-अवर आणि सही. ही वही कधीकधी काउंटरवर मागतात, आणि मागितली नाही तरी तुमच्या मुलांना काम नीट करायची सवय लागते. अगदी शून्यावर मात्र आणू नका. खोलवर रिकामा झालेला सेल खराब होतो आणि पुन्हा चार्ज करताना तोच धोक्याचा ठरतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच नव्हती, आणि तिथेच बहुतेक छोटे कारखानदार अडकतात. तुम्ही लिहिलंय, “सेलचा टेस्ट रिपोर्ट आहे.” सेलचा रिपोर्ट म्हणजे बॅटरीचा रिपोर्ट नव्हे. सेल पुरवणाऱ्याने त्याच्या सेलची यूएन ३८.३ ची, म्हणजे वाहतुकीसाठी ठरलेली चाचणी केली असेल. पण तीन सेल जोडून, वर सर्किट बसवून, गुंडाळून तुम्ही भोसरीत जे तयार केलं ती नियमांच्या दृष्टीने नवी बॅटरी आहे आणि तिचे उत्पादक तुम्ही आहात. तिची चाचणी वेगळी व्हावी लागते. त्यात बॅटरी ११.६ किलोपास्कल इतक्या कमी दाबात सहा तास ठेवतात, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच्याही वरची उंची. मग गरम-थंड, हादरे, धक्के, मुद्दाम बाहेरून केलेलं शॉर्ट सर्किट, जास्त चार्जिंग. त्याचं एक-दोन पानांचं सारांशपत्र असतं, टेस्ट समरी. ते मागणाऱ्याला देणं २०२० पासून बंधनकारक आहे. नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही माल जाऊ नये. वर्षाला जास्तीत जास्त शंभर बनणाऱ्या किंवा नमुन्याच्या बॅटऱ्यांसाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) खास परवानगी घेऊन मालवाहू विमानाचा एक मार्ग आहे. पण तुमचा धंदा वाढणार असेल तर चाचणी एकदाच करून घेतलेली बरी. डिझाइन बदललं नाही तोवर ती पुन्हा करावी लागत नाही. आणि हो, बॅटरीच्या अंगावर वॉट-अवरचा आकडा छापलेला हवा. तुमच्या फोटोत फक्त एमएएच दिसतंय.

पॅकिंगबद्दल. प्रत्येक सुटी बॅटरी स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत, टोकांच्या वायरींवर कनेक्टरचं टोपण किंवा टेप, म्हणजे दोन टोकं एकमेकांना किंवा कंदिलाच्या लोखंडी कडीला लागणार नाहीत. तुमचा कंदील टांगायचा आहे, कडी लोखंडी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. कार्टन दणकट हवं. भरलेलं कार्टन १.२ मीटरवरून कुठल्याही बाजूवर पडलं तरी आतल्या बॅटऱ्या फुटू नयेत, जागा सोडू नयेत, एकमेकींना भिडू नयेत, आणि वर तीन मीटरपर्यंतची थप्पी चोवीस तास पेललीच पाहिजे. कारखान्यात कंबरेच्या थोडं वरून एक कार्टन खरंच टाकून बघा. कोपऱ्यावर टाका, सपाट टाकून कुणी फसत नाही. मग उघडा. लोकांना कार्टन पाडायला लाज का वाटते कोण जाणे, शेडमध्ये तर ते पडणारच असतं.

आता ते सहा स्प्रे. एरोसोल, यूएन १९५०. कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये बहुधा ज्वलनशील वायू आणि द्रव असतं, डब्यावर ज्योतीचं चित्र आहे का बघा. नियमाने ते जाऊ शकतं, पण वेगळं पॅकिंग, वेगळी लेबलं, पूर्ण घोषणापत्र आणि ती सही करायला प्रशिक्षित माणूस हवा. सहा डब्यांसाठी सगळी खेप पुन्हा डीजीच्या रांगेत उभी राहील. काढून टाका. नैरोबीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. आणि ‘ॲक्सेसरीज’ हा शब्द यापुढे पॅकिंग लिस्टमध्ये लिहू नका. ॲक्सेप्टन्सवाल्याच्या कानाला तो ‘यात काहीतरी दडलंय’ असाच ऐकू येतो. ‘किरकोळ सामान’, ‘सुटे भाग’, ‘नमुने’ हे त्याचे भाऊबंद.

थोडं विषयांतर करतो. दर दिवाळीला परदेशातल्या मुलांना फराळाचे डबे जातात, त्यात आई मायेने काय काय घालते ते बघायला हवं. कापूर, ज्वलनशील घन पदार्थ, क्लास ४.१. अत्तराची कुपी, क्लास ३. ‘नातवाला फुलबाज्या मिळत नाहीत तिकडे’ म्हणून कागदात गुंडाळलेली एक पुडी, ती तर स्फोटकांच्या क्लासमध्ये. आणि लोकांचा विश्वास बसत नाही असा चौथा माल, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं यूएन १३६३ आहे, क्लास ४.२, आपोआप तापणारा पदार्थ. तेल भरपूर असतं, कोंदट जागी साठा तापत जातो. करंज्या, चिवडा खुशाल पाठवा. वाट्या नकोत.

मेव्हण्यांच्या बॅगेबद्दल. प्रवाशाला बॅटऱ्या नेता येतात त्या स्वतःच्या वापरासाठी, आणि सुट्या बॅटऱ्या फक्त केबिनमधल्या बॅगेत. विकायच्या किंवा गिऱ्हाइकाला द्यायच्या चाळीस बॅटऱ्या वैयक्तिक वापरात मोडत नाहीत. चेक-इन बॅगेत घातल्या तर बॅग थांबवून त्यांना खाली बोलावतील आणि उड्डाण चुकलं तर तुमची बहीण तुम्हाला सोडणार नाही. केबिनमध्ये घेऊन बसले तर काही सांगायलाच नको, डोक्यावरच्या कप्प्यात चाळीस.

यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. मी सांगितला तो आंतरराष्ट्रीय पाया आहे. आपल्याकडे तो धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीच्या नियमांतून लागू होतो आणि अंमलबजावणी डीजीसीए बघतं. त्याच्यावर प्रत्येक एअरलाइनचे आणि काही देशांचे स्वतःचे जास्तीचे नियम असतात. एखादी एअरलाइन सेक्शन टूचा मालही आधी मंजुरी घेतल्याशिवाय घेत नाही. कुरियर कंपनीला बॅटरीच्या मालासाठी तुमच्या खात्याची मंजुरी लागू शकते. आयाटा या एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं धोकादायक मालाचं पुस्तक दर १ जानेवारीला बदलतं, म्हणून गेल्या वर्षीच्या दिवाळीत चाललेली पद्धत या वर्षी चालेलच असं नाही. बुकिंगच्या आधी एजंटकडून त्या एअरलाइनचे बॅटरीबद्दलचे नियम लेखी मागवा. फोनवरचं “चालतं हो” काउंटरवर दाखवता येत नाही. तुमच्याकडे जो माणूस पॅकिंग करणार आहे त्याला या मालाचं पुरेसं शिक्षण दिल्याची नोंदही ठेवा. सेक्शन टूला पूर्ण डीजी परीक्षा लागत नाही, पण शिकवलंय याचा पुरावा लागतो.

परत आलेली बॅच पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. सहारला जाऊन-येऊन खोकी दोनदा चढली-उतरली आहेत. एखादी बॅटरी फुगलेली, चेपलेली, गळणारी किंवा वास येणारी दिसली तर ती विमानाने जाऊ शकत नाही, कुठल्याच विमानाने. ती वेगळी काढा, उघड्यावर वाळूच्या बादलीजवळ ठेवा आणि बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत रीसायकलरकडे द्या. ‘गिऱ्हाईक तिकडे बदलून घेईल’ असं करू नका.

तर कामाचा क्रम माझ्या मते असा. सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या बॅटरीची टेस्ट समरी, ती नसेल तर बाकी काही सुरूच करू नका. मग वॉट-अवरचं लेबल, ३० टक्के, बटणाची पट्टी, चार कार्टन, खुणा, स्प्रे बाहेर, आणि एअरवे बिलाच्या ड्राफ्टवर ‘बॅटरीसह सौर कंदील’ असं सरळ नाव. टेस्ट समरीचं पहिलं पान आणि बॅटरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाकलेत तर बघून सांगतो. पत्ता आणि फोन नंबर झाकून टाका. फोटो उजेडात काढा, मागच्या फोटोत सेलवरचा मॉडेल नंबर ३ आहे की ८ ते कळत नाही, आणि समरीवरचा नंबर त्याच्याशी जुळतोय का हेच मला आधी बघायचंय.